टोळीयुद्ध की यादवी? ग्रीसमधली शब्दांची लढाई

१/
१९८९ च्या ऑगस्टअखेर अथेन्सजवळच्या एलेफ्सिना येथील पोलाद कारखान्याच्या भट्टीत लोखंडाऐवजी कागद टाकले जात होते. नागरिकांच्या राजकीय मतांची नोंद ठेवणाऱ्या, पोलिसांनी अनेक दशके सांभाळलेल्या लक्षावधी फायली तिथे जळत होत्या. त्याच सुमारास ग्रीक संसदेने एक कायदा संमत केला. त्यातली एक तरतूद विधिइतिहासात विरळाच म्हणावी लागेल. ‘सिम्मोरितोपोलेमोस’ या शब्दाऐवजी यापुढे ‘एम्फिलिओस पोलेमोस’ हा शब्द योजावा आणि ‘सिम्मोरितेस’ या शब्दाऐवजी ‘लोकशाही सेना’ असे म्हणावे, असे ती सांगते.

२/
पहिल्या शब्दाचा अर्थ ‘टोळीवाल्यांचे युद्ध’ आणि दुसऱ्याचा ‘एकाच कुळातले युद्ध’. मराठी वाचकाला दुसरा शब्द उमगायला वेळ लागू नये, कारण आपली ‘यादवी’ नेमकी तशीच घडली आहे. यादवांनी यादवांना मारले, त्या कुळक्षयाची आठवण त्या शब्दात आहे. टोळीयुद्धात एका बाजूला राज्य असते आणि दुसऱ्या बाजूला गुन्हेगार. यादवीत दोन्ही बाजूंना घरचीच माणसे असतात. प्रत्यक्ष लढाई १९४९ मध्ये थांबली होती. हा एक शब्द बदलायला आणखी चाळीस वर्षे लागली.

३/
सशस्त्र राजकीय गटाला काय म्हणावे आणि रक्तपाताचा दोष कोणाच्या माथी मारावा, हे वाद प्रत्येक यादवीनंतर होतात. ग्रीसचे उदाहरण घेण्याचे कारण असे की तिथे हा वाद वर्तमानपत्रांत आणि पारावर तर झालाच, पण तो तुरुंगाच्या दारात, पारपत्राच्या कचेरीत आणि निवृत्तिवेतनाच्या रांगेतही झाला. १९८९ चा शब्दबदल योग्य होता. मात्र त्या शब्दबदलालाच न्याय समजण्याची जी चूक त्याच उन्हाळ्यात झाली, तिची किंमत ग्रीक इतिहास अजून मोजतो आहे. प्रस्तुत धाग्याचे म्हणणे थोडक्यात एवढेच.

४/
पार्श्वभूमी धावती पाहू. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने ग्रीसवर आक्रमण केले. राजा आणि सरकार देशाबाहेर गेले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे उपासमारीने मरून पडत होती. सप्टेंबर १९४१ मध्ये कम्युनिस्टांच्या पुढाकाराने ‘एआम’ ही राष्ट्रीय मुक्ती आघाडी स्थापन झाली. ‘एलास’ ही तिची सशस्त्र सेना. नेपोलिअन झर्वास यांच्या ‘एदेस’सारखे कम्युनिस्टविरोधी प्रतिकार गटही डोंगरांत होते. १९४३ मध्ये जर्मनांच्या हाताखालील राल्लिस सरकारने ‘सुरक्षा तुकड्या’ उभारल्या. त्या तुकड्यांतले ग्रीक शिपाई हिटलरच्या आज्ञापालनाची शपथ घेत. म्हणजे जर्मन देशात असतानाच ग्रीक माणूस ग्रीक माणसावर बंदूक रोखून उभा होता. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याचाच मोठा पेच होणार आहे.

५/
ऑक्टोबर १९४४ मध्ये जर्मन गेले आणि ब्रिटिश आले. ३ डिसेंबरला अथेन्सच्या सिंताग्मा चौकात एआमच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यातून महिनाभर राजधानीत एलास विरुद्ध ब्रिटिश आणि सरकारी फौजा असे युद्ध पेटले.

इथे भारतीय वाचकाने क्षणभर थांबावे. या काळात ग्रीसमध्ये उतरलेल्या ब्रिटिश फौजेत चौथी भारतीय डिव्हिजन होती. तिच्या ब्रिगेडी अथेन्स, सालोनिका आणि पात्रास भागात विखुरलेल्या होत्या. अथेन्सजवळ फालिरो येथील युद्धस्मशानभूमीत अग्निसंस्कार झालेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक आजही उभे आहे. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाचे सैनिक दुसऱ्याच्या यादवीत तिसऱ्याच्या वतीने उभे होते. त्यांना कोणते नाव द्यावे, हा प्रश्न कोणाही पक्षाला पडला नाही.

६/
१२ फेब्रुवारी १९४५ रोजी वार्किझा येथे करार झाला. एलासने शस्त्रे खाली ठेवायची आणि सरकारने माफी द्यायची असे ठरले. हा करार बारकाईने वाचण्याजोगा आहे, कारण नावाचा आणि शिक्षेचा संबंध त्यात लख्ख दिसतो. माफी होती ती ‘राजकीय गुन्ह्यांना’. जीविताविरुद्ध आणि मालमत्तेविरुद्धचे जे सामान्य गुन्हे राजकीय उद्दिष्टासाठी अपरिहार्य नव्हते, ते माफीतून वगळलेले होते.

७/
आता हे कलम एखाद्या गावच्या न्यायाधीशाच्या हाती ठेवून पाहा. एलासच्या माणसाने १९४४ मध्ये सुरक्षा तुकडीतल्या कोणाला गोळी घातली, तर ती राजकीय कृती की खून? गावातल्या व्यापाऱ्याचा गहू लढणाऱ्यांसाठी उचलला, तर ती युद्धकर-वसुली की दरोडा? कायदा एकच, घटना तीच. पण पहिले नाव दिले तर माणूस घरी जातो आणि दुसरे दिले तर तुरुंगात. त्या काळच्या न्यायालयांनी बहुधा दुसरे नाव दिले आणि हजारो माणसे चोर-खुनी म्हणून गजाआड गेली. इकडे सुरक्षा तुकड्यांतले अनेक जण नव्या राष्ट्रीय रक्षक दलाच्या गणवेशात फिरू लागले होते.

८/
‘नावात काय आहे’ असे सहज म्हणून जाणाऱ्याने वार्किझाचे ते कलम एकदा वाचावे.

९/
एलासचा सर्वांत गाजलेला सेनानी आरिस वेलुखिओतिस याने करार नाकारला. त्याच्याच पक्षाने त्याला जाहीरपणे झिडकारले. जून १९४५ मध्ये तो डोंगरात मेला आणि त्याचे शिर त्रिकाला शहराच्या चौकात टांगण्यात आले. हा निव्वळ क्रूरपणा नव्हता, त्याला एक व्याकरण होते. एकोणिसाव्या शतकापासून ग्रीक राज्य वाटमाऱ्यांची शिरे अशीच टांगत आले होते. शत्रुसैनिकाचे शिर कोणी चौकात टांगत नाही, दरोडेखोराचे टांगतात. कायद्याच्या पुस्तकात ‘टोळीवाला’ हा शब्द पक्का होण्याआधी तो त्या चौकात लिहिला गेला होता.

१०/
यात आणखी एक गंमत आहे. ग्रीकांच्या राष्ट्रीय आठवणीत ‘क्लेफ्त’ हा पूज्य पुरुष आहे. शब्दाचा मूळ अर्थ चोर. पण तुर्की सत्तेविरुद्ध डोंगरात राहून लढणारा क्लेफ्त १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाचा नायक ठरला. शाळकरी मुले त्याची गाणी म्हणत. एलासच्या लढवय्यांनी हा वारसा उघडपणे सांगितला. त्यामुळे सरकारची अडचण झाली. डोंगरातल्या बंडखोराला ‘क्लेफ्त’ म्हणावे तर त्याचा गौरव होतो. म्हणून ज्याला शहरी गुंडगिरीचा वास येतो असा ‘सिम्मोरितिस’ हा शब्द निवडला गेला.

महाराष्ट्राला हे कोडे नवे नाही. उमाजी नाईक आणि वासुदेव बळवंत फडके यांना इंग्रजी दफ्तराने दरोडेखोर म्हटले. आज त्याच नावांनी चौक आहेत. शब्द कोणाच्या दफ्तरातून आला, हे पाहण्याची सवय आपल्याला असायला हवी. ती नेहमीच असते असे मात्र नाही.

११/
१९४५ आणि १९४६ मध्ये उजव्या टोळ्यांनी गावोगाव डाव्यांवर सूड उगवला. ग्रीक इतिहासलेखनात या काळाला ‘श्वेत दहशत’ म्हणतात. ३१ मार्च १९४६ च्या निवडणुकीवर डाव्यांनी बहिष्कार घातला आणि आदल्या रात्री लितोखोरोच्या पोलीस ठाण्यावर सशस्त्र हल्ला झाला. त्या वर्षअखेर डोंगरातल्या तुकड्यांनी ‘ग्रीसची लोकशाही सेना’ हे नाव धारण केले. सरकारने विशेष लष्करी न्यायालये बसवली. डिसेंबर १९४७ मध्ये बंडखोरांनी मार्कोस वाफिआदिस यांच्या नेतृत्वाखाली ‘हंगामी लोकशाही सरकार’ घोषित केले आणि सरकारने लगोलग कम्युनिस्ट पक्ष बेकायदा ठरवला. त्या हंगामी सरकारला सोव्हिएत संघानेही मान्यता दिली नाही, ही बाब दोन्ही बाजूंचे प्रचारक चटकन विसरतात.

१२/
सरकार या साऱ्याला युद्ध का म्हणत नव्हते? केवळ तिरस्कार म्हणून नव्हे. युद्ध म्हटले की समोरच्याला पक्ष म्हणावे लागते, पकडलेल्याला युद्धकैदी म्हणावे लागते, आणि युद्धकैद्याला केवळ लढला म्हणून फाशी देता येत नाही. टोळीवाल्याच्या बाबतीत हे बंधन नाही. लष्करी न्यायालयांनी दिलेल्या हजारो मृत्युदंडांचा पाया हाच शब्द होता.

१३/
कालगणनेचा योगायोग पाहावा. १० ऑगस्ट १९४९ रोजी सरकारी सेनेने वित्सीच्या डोंगरावर अखेरच्या चढाईस प्रारंभ केला. दोनच दिवसांनी, १२ ऑगस्टला, जिनिव्हा येथे नवे करार स्वीकारले गेले. त्यांतल्या समान तिसऱ्या कलमाने प्रथमच देशांतर्गत युद्धातही शस्त्र खाली ठेवलेल्याला, जखमीला आणि कैद्याला किमान संरक्षण दिले. त्या कलमाचे शेवटचे वाक्य असे सांगते की हे नियम लागू केल्याने संबंधित पक्षांच्या कायदेशीर दर्जावर काहीही परिणाम होणार नाही.

या वाक्याचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही. राज्यांची भीती अशी होती की माणुसकी दाखवली तर मान्यता दिल्यासारखे होईल. कलमाने ही गाठ सोडवली. तुम्ही त्यांना काहीही म्हणा, पण कैद्याला मारू नका. ग्रीसच्या डोंगरांतल्या कैद्यांसाठी ते उशिरा आले.

१४/
परदेशी दरबारांतही नावांचाच खेळ चालला होता. १२ मार्च १९४७ च्या प्रसिद्ध भाषणात अमेरिकी अध्यक्ष ट्रूमन यांनी कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील काही हजार सशस्त्र माणसांच्या दहशतवादी कारवायांचा उल्लेख केला. दुसरीकडे ग्रीक सरकारचा आवडता सिद्धान्त असा की हे युद्ध घरचे नाहीच, ते उत्तरेकडून आलेले आक्रमण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बाल्कन समितीने अल्बानिया, बल्गेरिया आणि युगोस्लाव्हिया बंडखोरांना मदत करतात, असा निष्कर्ष काढला आणि तो खराही होता. पण मदत बाहेरून येते म्हणून माणूस परका होत नाही. सरकारी तोफाही अमेरिकी होत्या आणि त्या चालवणारे ग्रीकच होते. एआमवाल्यांना ‘एआमबल्गेरियन’ म्हणणाऱ्या शब्दकारांना हा साधा न्याय सुचला नाही.

१५/
आता दुसऱ्या बाजूकडे. नावे ठेवण्याची कला डाव्यांनाही अवगत होती. त्यांच्या भाषेत समोरचा प्रत्येक शिपाई ‘राजेशाही-फॅसिस्ट’ होता. मग तो सक्तीने भरती झालेला विशीतला शेतकरी का असेना. आणि लोकशाही सेना स्वतःला स्वेच्छेने लढणाऱ्यांची सेना म्हणवत असली, तरी युद्धाच्या उत्तरार्धात तिने गावांतून तरुण-तरुणींची सक्तीची भरती केली. अशा सक्तीने नेलेल्या मुलीला ‘टोळीवाली’ म्हणणे जितके खोटे, तितकेच तिला ‘क्रांतीची कन्या’ म्हणणेही.

१६/
पक्षाच्या शब्दांचा वार घरच्यांवरही झाला. निकोस प्लुम्पिदिस हा भूमिगत कम्युनिस्ट नेता १९५२ मध्ये पकडला गेला. देशाबाहेर असलेल्या पक्षनेतृत्वाने त्याला पोलिसांचा हस्तक ठरवून टाकले होते. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्याने त्याला कम्युनिस्ट म्हणून गोळ्या घातल्या. पक्षाचा प्रचार त्यानंतरही सांगत होता की हा मृत्यू म्हणजे बनाव आहे. १९५८ मध्ये पक्षाने आपला शब्द मागे घेतला. राज्याच्या लेखी तो देशद्रोही, पक्षाच्या लेखी फितूर. दोन्ही शिक्के एकाच छातीवर एकाच वेळी बसले होते आणि दोन्ही खोटे होते.

१७/
मुलांचे प्रकरण सर्वांत नाजूक आहे. १९४८ पासून लोकशाही सेनेने आपल्या ताब्यातील उत्तरेकडच्या गावांतून सुमारे २८ हजार मुले सीमेपलीकडे, पूर्व युरोपातील देशांत नेली. बंडखोर म्हणाले, बॉम्बफेकीतून आणि उपासमारीतून मुलांना वाचवले. सरकार म्हणाले, ‘पेदोमाझोमा’. हा शब्द जुना. ऑटोमन काळी ख्रिस्ती मुले करासारखी गोळा करून नेत, त्याचे हे ग्रीक नाव. एका शब्दात सरकारने डोंगरातल्या कम्युनिस्टाला सुलतान करून टाकले.

त्याच वेळी राणी फ्रेडेरिकाच्या पुढाकाराने सरकारही संघर्षक्षेत्रातून मुले उचलून ‘बालनगरां’मध्ये ठेवत होते. त्याला ते अर्थातच संगोपन म्हणत.

१८/
खरे काय होते? दोन्ही. काही आईबापांनी मुले स्वतःहून दिली, काहींकडून ती हिसकावून नेली गेली. एपिरसमधील लिआ गावच्या एलेनी गात्झोयान्निस हिने आपली मुले बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांना पळवून लावण्याची व्यवस्था केली. त्यासाठी १९४८ मध्ये बंडखोरांनी तिला ठार मारले. तिच्या मुलाने, निकोलस गेजने, पुढे अमेरिकेत पत्रकार होऊन १९८३ मध्ये आईच्या नावाने पुस्तक लिहिले.

हे पुस्तक प्रसिद्ध होताच पुन्हा तीच ओढाताण झाली. उजव्यांना ते संपूर्ण युद्धाचा निकाल वाटले, डाव्यांना शीतयुद्धाचा प्रचार. एका गावातील एका बाईला कोणी, कधी, कोणत्या आरोपावरून मारले, हा प्रश्न दोघांनाही पुरेसा मोठा वाटला नाही.

१९/
१९४९ नंतर शिक्के कागदावर उतरले. सरकारी नोकरी, पारपत्र, विद्यापीठप्रवेश यांसाठी ‘सामाजिक विचारांचे प्रमाणपत्र’ लागे. मेताक्सासच्या हुकूमशाहीत जन्मलेली ही पद्धत १९७४ पर्यंत टिकली. माक्रोनिसोस या उजाड बेटावरच्या छावणीत संशयित सैनिकांकडून ‘पश्चात्तापपत्रे’ लिहून घेतली जात. नुसती सही पुरत नसे. ते पत्र गावी पाठवून जाहीर केले जाई. छळाच्या त्याच बेटावर कैद्यांकडून पार्थेनॉनच्या छोट्या प्रतिकृती बांधून घेतल्या गेल्या. अस्सल ग्रीक होण्याचा हा अभ्यासक्रम होता.

२०/
१९६७ ते १९७४ लष्करशाहीने देश दाबून टाकला. ती कोसळल्यावर कम्युनिस्ट पक्ष कायदेशीर झाला. १९८२ मध्ये समाजवादी सरकारने एआम आणि एलाससह साऱ्या गटांच्या १९४१-४४ मधील लढ्याला ‘राष्ट्रीय प्रतिकार’ म्हणून मान्यता दिली. मतदानाच्या वेळी न्यू डेमोक्रसी या उजव्या पक्षाचे सदस्य सभागृह सोडून गेले. सातच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच पक्षाने कम्युनिस्टांसोबत अल्पकाळचे सरकार बनवले. निमित्त होते समाजवाद्यांच्या आर्थिक घोटाळ्यांची चौकशी. समेटाचा कायदा आला तो असा. शिळ्या वैरापेक्षा ताजे वैर अधिक उपयोगी पडले. इतिहासात पुष्कळदा असेच होते आणि त्याने कायद्याचे मोल कमी होत नाही.

२१/
तर मग त्या कायद्याने काय साधले? शिक्षांचे परिणाम पुसले गेले, अपंग लढवय्यांना निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला झाला, ‘टोळीवाला’ हा शब्द सरकारी कागदातून गेला. हे योग्य झाले, कारण तो शब्द वर्णन म्हणूनच खोटा होता. ज्या सेनेची मुख्यालये होती, इस्पितळे होती, जिच्याशी लढण्यासाठी सुमारे ७ लाख ग्रामस्थांना घरे सोडायला लावून शहरांच्या कडेला आणून ठेवावे लागले, ती टोळी नव्हती. ‘यादवी’ हा शब्द उदार आहे म्हणून नव्हे, तर अचूक आहे म्हणून स्वीकारायचा.

२२/
‘लोकशाही सेना’ या नावाबद्दल मात्र काहींचा आक्षेप होता आणि आहे. ती लोकशाहीवादी होती हे संसदेने ठरवावे काय? आक्षेपात तथ्य आहे, पण उत्तरही सोपे आहे. विशेषनाम म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे. एखाद्या मुलाचे नाव ‘धर्मराज’ असले तर त्या नावाने हाक मारणारा त्याच्या सचोटीची हमी देत नसतो. गटाला त्याच्या नावाने ओळखावे आणि त्याच्या कृत्यांनी तोलावे.

२३/
गफलत झाली ती इथून पुढे. कायद्याने नाव बदलले आणि भट्टीने पुरावा जाळला. काही मोजक्या फायली वगळता पाळतीचे ते अवाढव्य दफ्तर नष्ट झाले. इतिहासकारांनी विरोध केला. त्यांना सांगण्यात आले की द्वेषाची कागदपत्रे नष्ट झाली तर द्वेष संपेल. ज्यांच्यावर पाळत होती, त्यांतल्या अनेकांनाही फायली जळाल्या म्हणून हायसे वाटले, हे समजण्यासारखे आहे. शेजाऱ्याने आपल्याविषयी काय सांगितले होते, हे वाचण्याची इच्छा प्रत्येकालाच असते असे नाही. पण त्या कागदांत चहाडी करणारा होता, छळणारा अधिकारी होता, सही करणारा दंडाधिकारी होता. पीडितांच्या नावांसोबत त्यांचीही नावे धूर होऊन गेली. फायद्यात कोण राहिले?

२४/
कागद गेले तरी वाद गेला नाही. २००० मध्ये राज्यशास्त्रज्ञ स्टाथिस कालिवास यांनी अर्गोलिदा प्रदेशातील गावांचा अभ्यास मांडला. जर्मन अमलाच्या काळातही एआम-एलासने केलेली हिंसा म्हणजे अधूनमधून घडलेले अतिरेक नव्हते, ती पद्धतशीर होती, असा त्यांचा निष्कर्ष. २००४ मध्ये त्यांनी निकोस मारांत्झिदिस यांच्यासह ‘ता नेआ’ या दैनिकात नव्या अभ्यासदिशेचा पुरस्कार करणारा लेख लिहिला आणि महिनोन्‌महिने वादंग माजला. टीकाकार म्हणाले, ही मंडळी प्रतिकार करणाऱ्यांना आणि जर्मनांच्या हस्तकांना एकाच तराजूत घालतात.

२५/
या वादाचा गाभा एका तारखेत आहे. यादवी सुरू केव्हा झाली? उजव्यांची जुनी मांडणी ‘तीन फेऱ्यां’ची. कम्युनिस्टांनी १९४३, १९४४ आणि १९४६ असे तीनदा सत्ता बळकावण्याचे प्रयत्न केले, असे ती म्हणते. डाव्यांची मांडणी १९४५ च्या श्वेत दहशतीपासून सुरू होते, म्हणजे बंदूक उचलणे हा बचाव ठरतो. १९८९ च्या कायद्याने जर्मन फौजा गेल्यापासून १९४९ अखेरपर्यंतचा काळ ‘यादवी’ ठरवला. पहिले पान कुठे उघडायचे हे ज्याने ठरवले, त्याने दोष कोणाला द्यायचा हेही निम्मे ठरवले.

२६/
मेलिगालास हे गाव या तारखेमुळेच अधांतरी राहिले आहे. पेलोपोनेससमधील या गावी सप्टेंबर १९४४ मध्ये एलासने सुरक्षा तुकडीचा पराभव केला आणि मग शरण आलेल्या शेकडोंना ठार मारले. त्यांत तुकडीचे शिपाई होते, तसे काही नागरिकही होते. १९८२ चा कायदा म्हणतो, हा काळ प्रतिकाराचा. १९८९ चा कायदा म्हणतो, यादवी नंतरची. मग त्या विहिरीतील प्रेते कोणत्या प्रकरणात मोडतात? उजवे दरवर्षी तिथे स्मृतिदिन पाळतात आणि अलीकडच्या काळात तिथे नवनाझीही मिरवून गेले. डाव्यांतल्या काहींनी त्या गावाच्या नावाची कुचेष्टेची घोषणा केली. हिटलरची शपथ घेतलेला शिपाई निर्दोष नव्हताच. पण शरण आल्यावर त्याला मारणे हा गुन्हा होता आणि त्याच्यासोबत मारल्या गेलेल्या नागरिकाने तर शपथही घेतलेली नव्हती. या तीन वाक्यांपैकी एकही खोडण्यासाठी उरलेली दोन वापरू नयेत.

२७/
‘दोन्ही बाजू सारख्याच’ हे म्हणणे समंजस वाटते, पण ते हिशेब टाळण्याचेच एक रूप आहे. दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. १९४३-४४ मध्ये एका गावात एलासची दहशत मोठी असेल. १९४५-४६ मध्ये त्याच गावात उजव्या टोळ्यांची. १९४७ नंतर तुरुंग, न्यायालये, बेटे आणि विमाने राज्याकडे होती, आणि ज्याच्याकडे ही साधने होती त्याची जबाबदारीही त्या प्रमाणात. अर्गोलिदाच्या १९४४ वरून सबंध युद्धाचा निकाल लावणारे चुकतात आणि माक्रोनिसोस दाखवून मेलिगालास झाकणारेही. दोष द्यावा, अवश्य द्यावा. पण तो तारीख, ठिकाण आणि हुकूम देणाऱ्याचे नाव लिहून द्यावा. ‘डाव्यांनी’, ‘उजव्यांनी’ अशी अनेकवचने न्यायाधीशाला चालत नाहीत, ती इतिहासकाराला का चालावीत?

२८/
आणि एक शब्द अजून उरला आहे. डिसेंबर १९८२ मध्ये निघालेल्या सरकारी निर्णयाने यादवीतल्या निर्वासितांना परत येण्याची परवानगी दिली. ताश्कंद, प्राग, वॉर्सा येथून म्हातारी झालेली माणसे परतली. परवानगी होती ती ‘वंशाने ग्रीक’ असलेल्यांना. लोकशाही सेनेत, विशेषतः शेवटच्या काळात, उत्तरेकडच्या स्लाव्हिक मासेडोनियन भाषकांची संख्या मोठी होती आणि सीमेपार नेलेल्या मुलांतही अशा घरांतली मुले पुष्कळ होती. त्या दोन शब्दांनी ती सारी बाहेर राहिली.

२९/
१९८९ च्या कायद्याने त्यांनाही ‘टोळीवाले’ म्हणणे थांबवले, पण त्यांच्यासाठी दार उघडले नाही. पाच-सहा वर्षांचे असताना गाव सोडलेले हे लोक पुढे केसांत रुपेरी छटा आल्यावर जन्मघर पाहायला सीमेवर येत. त्यांच्या पारपत्रात जन्मस्थानाच्या रकान्यात गावाचे जुने स्लाव्हिक नाव असे. ग्रीस त्या गावाला आता वेगळ्या नावाने ओळखतो. त्या नावाचे गाव आमच्या देशात नाही, असे सांगून त्यांतल्या अनेकांना सीमेवरूनच परत पाठवले गेले.